गहू परत आणू नका, दूध कायमचं सोडू नका

सीलिॲकचं, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचं, निदान झालेल्या घरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: सहा महिने गहू बंद ठेवा, आतडं बरं झालं की खपलीपासून पुन्हा सुरुवात करा, दूध, डाळी, कांदा-लसूण मात्र कायमचे सोडा, आणि अजून काय सोसत नाही ते कळण्यासाठी रक्ताची आयजीजी तपासणी (पदार्थांविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी) करा. जे कधीच परत आणायचं नाही ते यात परत आणायला सांगितलंय, आणि जे परत यायलाच हवं ते तोडून टाकलंय. असले मेसेज वाचून आईबाप मुलांचं दूध बंद करतात, म्हणून हे लिहितोय.

खपली हा गहूच आहे. त्यातलं ग्लुटेन जरा कमी चिवट असतं एवढंच. सीलिॲकमध्ये शरीराला चिथावणारी प्रथिनं त्यातही आहेत. आतडं बरं होतं ते ग्लुटेन बंद असतं म्हणून. ते पुन्हा सुरू केलं की इजा पुन्हा सुरू होते, आणि पोट दुखलं नाही तरी होते. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) हे तीन जन्मभर बंद.

दुधाची गोष्ट वेगळी. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर बारीक अंकुर असतात आणि दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज त्यांच्या टोकांवर तयार होतं. सीलिॲकमध्ये ही टोकंच झिजतात. म्हणून सुरुवातीला दूध प्यायलं की पोट फुगतं, जुलाब होतात. तेवढ्या काळापुरतं दूध कमी करणं योग्यच, मेसेजमधलं इतकंच खरं आहे. पण अंकुर भरून आले की बहुतेकांना दूध पुन्हा पचायला लागतं. सीलिॲकमध्ये हाडं आधीच अशक्त झालेली असू शकतात. अशा मुलाचं दूध विनाकारण कायमचं तोडणं हा अन्याय आहे.

डाळींमध्ये ग्लुटेन नसतं. त्यांनी गॅस होतो तो त्यातल्या आतड्यात आंबणाऱ्या साखरांमुळे, कांदा-लसणाचंही तसंच. हा त्रास प्रमाणावर ठरतो, त्याने अंकुर झिजत नाहीत. वाटीभर उसळ बाधते म्हणून दोन चमचे वरणही बंद करायचं कारण नाही.

आयजीजी तपासणीवर लोक हजारो रुपये घालवतात. एखाद्या पदार्थाविरुद्धचं आयजीजी बहुधा इतकंच सांगतं की तो तुमच्या खाण्यात आहे. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं की अशा चाचणीवरून पथ्य ठरवू नये. निदानासाठी डॉक्टर रक्तातली सीलिॲकची प्रतिपिंडं मोजतात ती टीटीजी तपासणी वेगळी, तिची याच्याशी गल्लत नको.

गहू सोडूनही त्रास थांबत नसेल तर दूध-डाळींवर आळ घेण्याआधी लपलेलं ग्लुटेन शोधा. सर्वांत जास्त वेळा तेच निघतं. हिंगाची डबी फिरवून घटक वाचा: पुष्कळ बांधणी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. ज्वारी निर्धोक, पण गव्हाच्या दळणामागून त्याच चक्कीत दळली तर नाही. धान्य निवडून, धुऊन, घरच्या वेगळ्या चक्कीवर दळलेलं बरं. पाकिटावर ग्लुटेन-मुक्त लिहायचं तर आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

मग एकेक पदार्थ परत आणा. पोट शांत झालेलं असावं, टीटीजी उतरत असावं. आधी ताक, मग दही, मग अर्धा कप दूध. एका वेळी एकच नवा पदार्थ, दोन-तीन दिवस तोच, बाकी जेवण नेहमीचं. काय, किती खाल्लं आणि नंतर काय झालं ते वहीत लिहा. त्रास झाला तर थांबा, काही आठवड्यांनी कमी प्रमाणात पुन्हा द्या. एकदा बाधलं म्हणून त्यावर कायमची फुली मारू नका. ओट्स सर्वांत शेवटी, तेही ग्लुटेन-मुक्त लेबलचेच आणि डॉक्टरांना विचारून, कारण थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. एवढं करूनही वजन घटत असेल किंवा जुलाब थांबत नसतील, तर घरचे प्रयोग बंद करून वहीसकट पोटविकारतज्ज्ञांकडे जा.