सॉक्रेटिसने कायदा पाळला, म्हणे!

भाचीने वक्तृत्व स्पर्धेचं भाषण तपासायला पाठवलं. विषय नागरिकाचं कर्तव्य. अर्धं भाषण म्हणजे सध्या फिरणारा तो मेसेज, जसाच्या तसा: 'कायदा न्याय्य की अन्याय्य हे ठरवणं नागरिकाचं काम नाही. त्याने पाळावा, पाप असलंच तर कायदा करणाऱ्याच्या माथी. सॉक्रेटिसने विष प्यायलं, पण कायदा मोडला नाही.' पोरीने हे पाठही केलंय, म्हणून लिहायला बसलो.

इ.स.पू. 399 मध्ये अथेन्समध्ये मृत्युदंड झालेल्या ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसने तुरुंगातून पळून जायला नकार दिला, हे खरं. पण त्याच खटल्यात तो काय बोलला, तेही त्याचा शिष्य प्लेटोने लिहून ठेवलंय. अथेन्सवर तीस जुलमी सत्ताधाऱ्यांचं राज्य असताना त्याला आणि आणखी चौघांना हुकूम झाला: सॅलामिस बेटावरून लिऑन नावाच्या माणसाला धरून आणा. त्याला ठार मारायचं होतं. चौघे गेले, सॉक्रेटिस सरळ घरी गेला. जुलमी टोळीचा हुकूम म्हणजे कायदा थोडाच, असं कुणी म्हणेल. ठीक आहे. पण आपल्यासमोर बसलेल्या, लोकशाही अथेन्सच्या न्यायपंचांनाही तो बजावतो, की तत्त्वचिंतन सोडायच्या अटीवर मला सोडलंत, तर मी तुमचं नाही, देवाचं ऐकेन. शिक्षा चुकवायची नाही, पण चूक वाटतं ते करायचंही नाही. मेसेजवाल्याने यातलं पहिलंच तेवढं उचललं.

आता ते 'पाप कायदा करणाऱ्याच्या माथी'. सगळ्यात विषारी वाक्य हेच. 1850 मध्ये अमेरिकेत पळालेल्या गुलामांना धरून परत पाठवण्याचा कायदा झाला. रीतसर, संसदेत मंजूर होऊन. धरपकडीला मदत करा, असा सगळ्या 'चांगल्या नागरिकांना' त्यात हुकूमच होता. आसरा दिला तर 1,000 डॉलरपर्यंत दंड आणि 6 महिन्यांपर्यंत कैद. समजा, रात्री दार वाजलं आणि बाहेर एक बाई पोराला घेऊन उभी आहे. मेसेजच्या हिशेबाने तिला धरून देणारा कर्तव्यदक्ष, लपवणारा गुन्हेगार. पण कायदा करणारा काही त्या दारात उभा नसतो. तिला धरणारे हात कुणाचे, एवढंच मी भाचीला विचारलं. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेम्बर्गच्या खटल्यातल्या नाझी आरोपींनीही 'वरून हुकूम होता' म्हणून पाहिलं, चाललं नाही.

'देशात राहता म्हणजे कायदा मान्यच केलात', हा आणखी एक मुद्दा. त्या गुलामाने कधी मान्य केला होता?

राहिला अराजकाचा मुद्दा, म्हणजे जो तो आपल्या मनाने कायदा मोडू लागला तर अराजक माजेल. हा मात्र मान्य करावा लागतो, नाइलाजाने. सिग्नल आवडला नाही म्हणून तोडणाऱ्याने माझा आधार घेऊ नये. डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत सत्याग्रह, सविनय कायदेभंग यांना अराजकाचं व्याकरण म्हटलं, हेही मेसेजमध्ये आहे आणि बरोबर आहे. फक्त त्याच्या अगोदरचं कापलंय: सनदशीर मार्ग खुले नव्हते, तेव्हा या पद्धतींचं बरंच समर्थन करता येत होतं, असं बाबासाहेब तिथेच म्हणतात.

भाषणात सॉक्रेटिस ठेवलाय, लिऑनही घातलाय. आता ते चार मिनिटांत बसत नाही, म्हणून मेसेजमधली वाक्यं कापतोय.