माळा काढू नका

दादरच्या आमच्या इमारतीचा पुनर्विकास झाला, नव्या घराचा ताबा मिळाला आणि घरच्या ग्रुपवर डिझायनरची चित्रं येऊन पडली. पांढऱ्या भिंती, मुठी नसलेली कपाटं, माळा नाही, बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली. भाच्यानं खाली लिहिलं, 'एकदम जपानी!' आई काहीच बोलली नाही. मी टोकियोत संसार करते, त्यामुळे मला गप्प बसवेना.

इथली घरं शांत वाटतात ती प्रत्येक वस्तूला जागा असते म्हणून. चपला गेन्कानच्या, म्हणजे दारातल्या चपला काढायच्या जागेच्या, पुढे येत नाहीत. सकाळी गाद्या ओशिइरेत, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, गेल्या की त्याच खोलीत मुलं अभ्यासाला बसतात. ते ओशिइरे जवळजवळ तीन फूट खोल असतं. डिझायनरनं काढलेल्या सगळ्या कपाटांत मिळून आपल्या चार गाद्या तरी मावतील का? आणि बाल्कनी बंद करायचं तर इथे कुणाच्या मनातही येत नाही. कपडे तिथेच वाळतात, आणि आग लागली तर दोन बाल्कन्यांमधली पातळ फळी फोडून शेजाऱ्यांकडे जायची वाटही तीच.

मासिकांतलं जपान वेगळं. वास्तुविशारद तादाओ आन्दोंचं ओसाकातलं १९७६ सालचं अझुमा हाऊस सगळ्यांना आवडतं: नुसतं काँक्रीट, रस्त्याकडे एकही खिडकी नाही, मधला तिसरा हिस्सा उघडा चौक. पण पावसात रात्री संडासला जायचं तर तो चौक ओलांडायला छत्री घ्यावी लागते. आईचे गुडघे दुखतात. तिच्या घरात तसलं सौंदर्य मला नको.

मुंबईला हे शिकायला जपान कशाला हवं? कंबाला हिलवरच्या 'कांचनजंगा' इमारतीत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी कोपऱ्याकोपऱ्यात दुमजली उंचीच्या गच्च्या दिल्या, ऊन-पाऊस घरात शिरण्याआधीच अडावा म्हणून. ती इमारत १९८३ साली पुरी झाली. २०१२ पासून मुंबईत बाल्कनी चटईक्षेत्रात, म्हणजे बिल्डरला मंजूर झालेल्या बांधकामात, मोजतात, म्हणून बिल्डर ती द्यायला नाखूश असतात. आपल्याला मिळाली आहे, तर दादा, ती काचेआड घालू नकोस. जूनमध्ये ओले कपडे पंख्याखाली वाळत घातलेल्या हॉलला पांढरा रंग कितीही दिला तरी तिथे निवांत वाटणार नाही.

माळ्याचंही तेच. गणपतीचं मखर, पुरणयंत्र, मोठी पातेली, पाहुण्यांच्या गाद्या वर्षातून एकदोनदाच लागतात, पण लागतात. माळा नसला की हे सगळं पलंगाखाली आणि फ्रिजवर येतं.

माझं इथलं घर नेहमी आवरलेलं दिसतं. फोटो पाहून वहिनी कौतुक करते, तेव्हा मी तिला त्याचं खरं कारण सांगत नाही: आमच्याकडे मुक्कामाला कुणी येत नाही. जास्तीची एक गादी आहे, ती तशीच घडी घातलेली. दादरला गणपतीत माणसं दाटीवाटीनं झोपतात, त्या गर्दीचा मला इथे हेवा वाटतो. आणि जुन्या घराच्या माळ्यावर माझी एक ट्रंक होती, लग्नाआधीची. तिचं काय करायचं हे ग्रुपवर अजून कुणी विचारलेलं नाही. दादा, मला त्या घरात माझी म्हणून तेवढीच जागा हवी आहे.