पाठांतर, मदरसा आणि तुमचा आक्षेप

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की इस्लामी धर्मशिक्षण म्हणजे निव्वळ पाठांतर, आजच्या जगात त्याचा उपयोग शून्य, तेव्हा सुधारणेच्या गप्पा सोडून मदरसे बंद करावेत.

पाठांतरावरचा तुमचा राग मला पटतो. वर्षानुवर्षं घोकंपट्टी करून घ्यायची आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्या मुलाला साधा अर्जही लिहिता येऊ नये, हा त्याच्यावर अन्यायच आहे. मात्र हिफ्ज, म्हणजे कुराण तोंडपाठ करणं, हा या शिक्षणाचा एक भाग झाला. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलातल्या मुल्ला निजामुद्दीन यांनी आखलेल्या दर्स-ए-निजामी या मदरशांच्या अभ्यासक्रमात फिक्ह, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र, आणि अरबी व्याकरणासोबत तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आणि गणितही होतं.

इस्लामी कायद्यातल्या वारसाहक्काचंच घ्या. एक माणूस वारला. मागे बायको, आई, वडील आणि एक मुलगा. बायकोचा हिस्सा एक अष्टमांश, आई-वडिलांचा प्रत्येकी एक षष्ठांश, उरलेलं मुलाचं. मालमत्तेचे 24 भाग केले की बायकोला 3, आईला 4, वडिलांना 4 आणि मुलाला 13. अपूर्णांक शिकवायला याहून जिवंत उदाहरण कुठलं? अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नवव्या शतकातल्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग अशाच वाटण्यांनी भरलेला आहे. हेच हिस्से नुसते पाठ करून घेतले आणि भाग 24च का, हे मुलाला कधी विचारलंच नाही, तर दोष शिकवण्याच्या पद्धतीचा. विषयाला कशाला बोल लावायचा?

नुसते विषय वाढवूनही भागत नाही. इजिप्तमध्ये 1961च्या कायद्यानंतर अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात वैद्यक आणि अभियांत्रिकी आली, म्हणजे धर्मशिक्षण आणि आधुनिक विषय दोन्ही एका छताखाली नांदू शकतात. पण सकाळी एक अभ्यासक्रम, दुपारी दुसरा, आणि दोन्हीकडचे शिक्षक एकमेकांशी बोलतही नाहीत, अशा व्यवस्थेत मूल फक्त दमतं. म्हणून माझा आग्रह आधी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आहे, संगणक-कक्ष त्यानंतर. मुलींनाही हेच शिक्षण याच दर्जाचं मिळायला हवं, यात तडजोड नको.

राहिला बंद करण्याचा मुद्दा. अनेक गरीब घरांतली मुलं मदरशात जातात, कारण तिथे शिक्षणाबरोबर राहण्या-जेवण्याचीही सोय होते. दाराला कुलूप लावल्यावर ती आपोआप शाळेत पोचतील, असं कशावरून?