म्हणे ‘आनंदाने घरी परतल्या’!

माझ्या पुतणीची बाळंतपणाची रजा संपत आली आहे. परवा आमच्याच नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी तिला एक लांबलचक मजकूर पाठवला. खाली पुस्ती होती, ‘वाच आणि विचार कर.’ हा मजकूर मला याआधीही दोन-तीन ठिकाणांहून आला होता आणि मी तो न वाचता पुसून टाकला होता. आता थेट तिच्या नोकरीवरच आला म्हटल्यावर गप्प बसवेना.

मजकुराचा सारांश असा. महायुद्धाआधी बायका घराबाहेर काम करत नव्हत्या. पुरुष सैन्यात गेले, सरकारने एक पोस्टर लावलं आणि लाखो बायका कारखान्यांत धावून आल्या. त्यांना पुरुषांइतकाच पगार मिळाला. पुरुष आघाडीवर मरत असताना यांना सुरक्षित छपराखाली काम मिळालं. युद्ध संपलं, देशाची गरज संपली, तशा त्या समजूतदारपणे आणि आनंदाने घरी परतल्या. आपल्याकडे असलं काही झालंच नाही, म्हणून आपली कुटुंबं टिकली. आजच्या मुलींनी यातून धडा घ्यावा.

सोबत चित्र कोणतं? तेच. लाल रुमाल बांधलेली, बाही सारून दंड दाखवणारी अमेरिकन बाई. आधी तेच निकालात काढू. ते पोस्टर सरकारचं नव्हतं. वेस्टिंगहाउस कंपनीने ते चित्रकार जे. हॉवर्ड मिलर यांच्याकडून करून घेतलं आणि फेब्रुवारी 1943 मध्ये जेमतेम दोन आठवडे आपल्याच कारखान्यांत लावलं. ते पाहणारे लोक आधीच तिथे कामाला होते. गैरहजेरी आणि कुरबुरी कमी व्हाव्यात, एवढाच हेतू. बाहेरच्या जगाने ते खऱ्या अर्थाने पाहिलं 1980 च्या दशकात. तेव्हा या पोस्टरने लाखो बायका कारखान्यांत आणल्या म्हणणं म्हणजे लग्नाच्या अल्बममधला फोटो पाहून पाहुणे जेवायला आले म्हणण्यासारखं आहे.

‘आधी बायका काम करत नव्हत्या’ या वाक्यावर फार वेळ घालवायची इच्छा नाही. 1940 मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याआधी, तिथे सुमारे 1 कोटी 20 लाख बायका कमावत होत्या. युद्धात हा आकडा 1 कोटी 90 लाखांच्या आसपास गेला. वाढ मोठीच, पण शून्यापासून नव्हे. ब्रिटनमध्ये तर पहिल्या महायुद्धाआधीच दहा लाखांहून जास्त बायका दुसऱ्यांच्या घरी मोलकरणी म्हणून राबत होत्या. भांडी घासणारी, कोळशाच्या बादल्या जिन्यावरून वाहणारी बाई काम करत नव्हती आणि तीच कारखान्यातल्या लेथ यंत्रावर उभी राहिली की ‘कामाला लागली’, असा हा हिशेब आहे.

अर्धसत्य कबूल करते, नाइलाजाने. युद्धाने कामं बदलली हे खरं आहे. बायकांना कधी हात लावू न दिलेली यंत्रं त्यांच्या हातात आली. अमेरिकेत कमावत्या बायकांमध्ये लग्न झालेल्यांची संख्या अविवाहितांपेक्षा जास्त झाली, तीही याच काळात पहिल्यांदा. पण ब्रिटनमध्ये हे नुसत्या उत्साहावर झालं नाही. डिसेंबर 1941 च्या कायद्याने 20 ते 30 वर्षांच्या अविवाहित मुलींवर राष्ट्रीय सेवा सक्तीची झाली.

पगाराचं तर विचारूच नका. ब्रिटनमध्ये मालक आणि कामगार संघटनांच्या 1940 च्या करारात लिहिलं होतं की पुरुषाच्या जागी आलेल्या बाईला 32 आठवड्यांनंतर पुरुषाचा पूर्ण दर मिळेल. अट एकच, तिने ‘जादा देखरेख किंवा मदतीशिवाय’ काम केलं पाहिजे. मग काय, यंत्र लावून द्यायला एक पुरुष ठेवला की झाली मदत आणि गेला पूर्ण दर. मार्च 1944 मध्ये शिक्षिकांना समान वेतन देण्याची दुरुस्ती ब्रिटिश संसदेत 117 विरुद्ध 116 अशी एका मताने मंजूर झाली. पंतप्रधान चर्चिल यांनी लगेच तो विश्वासदर्शक मताचा प्रश्न केला आणि ती पाडली. ऐन युद्धात. फुकट वाटायला ठेवलेल्या गोष्टीसाठी कोणी सरकार पणाला लावत नाही.

‘सुरक्षित छप्पर’ वाचून मात्र माझं डोकं फिरलं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये लीड्सजवळ बार्नबो इथे तोफगोळे भरण्याचा कारखाना होता आणि तिथे बहुसंख्य बायकाच होत्या. आत जाताना केसांतल्या पिना काढायच्या, काड्यापेटी बाहेर ठेवायची, पायांत रबरी तळाचे बूट. एक ठिणगी पुरे होती. टीएनटी हे स्फोटक हाताळून कातडी पिवळी पडायची, म्हणून लोक या मुलींना ‘कॅनरी’, म्हणजे त्या पिवळ्या पक्ष्याच्या नावाने, हाक मारत. विषबाधेवर उतारा म्हणून भरपूर दूध प्यायला दिलं जाई. 5 डिसेंबर 1916 च्या रात्री खोली क्रमांक 42 मध्ये गोळा फुटला आणि 35 बायका मेल्या. काहींची ओळख गळ्यातल्या बिल्ल्यावरून पटवावी लागली. काही तासांतच त्याच खोलीत काम पुन्हा सुरू झालं. युद्धाच्या सेन्सॉरमुळे वर्तमानपत्रांत त्याची वाच्यता नाही. बरं, 1918 मध्ये ब्रिटनने बायकांना मत दिलं ते तीस वर्षांवरच्यांना, तेही मालमत्तेच्या अटीवर. गोळे भरणाऱ्या विशीतल्या पोरी 1928 पर्यंत ताटकळल्या.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा सगळा मजकूर रचला आहे. ‘आनंदाने परतल्या.’

त्यांना विचारलं होतं हो! अमेरिकेच्या कामगार खात्यातल्या महिला विभागाने 1944-45 मध्ये युद्धसामग्रीच्या दहा औद्योगिक भागांत सुमारे 13,000 कामकरी बायकांची पाहणी केली आणि 1946 मध्ये अहवाल छापला. प्रश्न सरळ होता, युद्धानंतर काय करणार? चारपैकी तिघी म्हणाल्या, काम सोडणार नाही. ज्यांना काम सुरू ठेवायचं होतं त्यांतल्या 84 टक्के बायकांनी कारण सांगितलं पोटाचं, स्वतःच्या किंवा घरच्यांच्या. बहुतेकींना करत होत्या तेच काम हवं होतं. उरलेल्या चौथीला घरी जायचं असेल तर तिने खुशाल जावं, कोणाची ना नाही. पण चौथीचं उत्तर बाकी तिघींच्या तोंडात घालायचं आणि वर त्याला समजूतदारपणा म्हणायचं?

मग त्या गेल्या कशा? काढल्या म्हणून. युद्धसामग्रीच्या मागण्या रद्द झाल्या, कारखाने रिकामे झाले. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पैशावर चालणारी युद्धकालीन पाळणाघरं 1945 च्या शरदातच बंद व्हायची होती. मुलांच्या मातांनी पत्रं, तारा आणि सह्यांचे अर्ज पाठवले म्हणून फेब्रुवारी 1946 पर्यंत मुदत मिळाली, मग पैसा थांबला. आनंदाने घरी निघालेली बाई पाळणाघर चालू ठेवा म्हणून तार करते का?

ब्रिटनमध्ये पहिल्या युद्धानंतर तर उघडच कारभार झाला. 1919 मध्ये कायदा करून युद्धाआधीच्या प्रथा परत आणल्या, म्हणजे पुरुषांच्या कामावर घेतलेल्या बायकांनी जागा सोडायच्या. बेकार झालेल्यांना भत्ता होता. पण काम मिळवून देणाऱ्या सरकारी कचेरीत तिच्यापुढे मोलकरणीची जागा ठेवली आणि ती नाही म्हणाली, की भत्ता बंद. चार वर्षं तोफगोळे भरून आलेल्या बाईला सांगायचं की जा, परत कोणाची तरी चूल पेटव. नाही म्हटलं तर वर्तमानपत्रं तिला सरकारी पैशावर सुट्टी उपभोगणारी ठरवायला तयारच होती.

राहिलं ‘आपल्याकडे असलं काही झालंच नाही’. बंगाल-बिहारच्या कोळसा खाणींत नवरा कोळसा फोडी आणि बायको टोपलीत भरून डब्यात टाकी. जोडीची मजुरी घरात येई. 1929 च्या नियमांनी बायकांचं भूमिगत काम टप्प्याटप्प्याने बंद केलं आणि पुढे अशाच बंदीच्या आंतरराष्ट्रीय करारालाही आपल्या सरकारने मान्यता दिली. मग युद्ध आलं, लष्करी बांधकामांवर जास्त मजुरी मिळू लागल्याने मजूर खाणी सोडून गेले, कोळसा कमी पडला आणि 1943 मध्ये ही बंदी उठवली. जगभर टीका झाली. तेव्हा मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. फेब्रुवारी 1944 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांना या निर्णयाचं समर्थन करावं लागलं आणि तिथे त्यांनी ठासून सांगितलं की खाणीतल्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीने, स्त्री-पुरुष भेद न करता मजुरी देण्याचं तत्त्व मान्य झालं आहे. समान कामाला समान दाम हे बोलणं इथे तेव्हा झालं आहे, भुयारातल्या बायकांसाठी. फेब्रुवारी 1946 मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

मजकूर लिहिणाऱ्याने निदान ‘आनंदाने परतल्या’ हे एक वाक्य तरी खोडावं आणि मग खुशाल पुढे पाठवावा. माझ्या पुतणीला सोडून.