हसवणाऱ्यानं हसवतच राहावं? काहून बाप्पा?

आमच्या गावच्या ग्रुपवर पंधरा दिवसांपासून एक मेसेज फिरून राहिला, आतापर्यंत चार जणांनी तर मलाच पाठवला. मेसेज असा, की कॉमेडी पिक्चर काढणारा डायरेक्टर सीरियसकडे वळला की समजायचं त्याच्याजवळचा माल संपला, हसवणं सोपं असतं म्हणून तिथं त्याचं चालून गेलं, आता त्याला अवॉर्ड पाहिजे, आणि खेड्यातल्या पब्लिकला तर रडका पिक्चर नकोच असतो, पुरावा पाहिजे असेल तर ‘एक होता विदूषक’ पाहा. खाली ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’. मी सहमत नाही, अजिबात नाही, आणि काहून नाही ते एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

पहिलं, हसवणं सोपं असतं म्हणे. वडसा-लाखांदूरकडच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीतल्या माणसानं असं लिहावं याचंच मला जास्त वाईट वाटलं. दिवाळी झाली, मंडई म्हणजे गावजत्रा सुरू झाली की आपल्याकडं गावोगाव नाटकं लागतात, रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. लहानपणी आजीसोबत बंडीत बसून गेलो होतो अशाच एका नाटकाला, नाव आता ध्यानात नाही. त्यात कंपनीतला विनोदी नट सालदार झाला होता. दर प्रवेशात तो मालकासमोर यायचा आणि एकच विचारायचा, ‘मालक, माहा चुकारा?’, म्हणजे माझ्या मजुरीचे पैसे. मालक जेवत असला तरी तेच, सोयरे बसले असले तरी तेच, एकदा मालक धान साठवायच्या ढोलीमागं लपला तर हा ढोलीलाच विचारू लागला. आठ-नऊ वेळा तरी झालं असेल, शेवटी शेवटी तो तोंड उघडायच्या आधी पब्लिकच ओरडायचं. मग धानाला तुडतुडा लागला, मालक कर्जात बुडाला, आणि पहाटेच्या प्रवेशात मालकाचं प्रेत अंगणात ठेवलेलं. सालदार आला. दोन-चार जण सवयीनं हसले पण. तो उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, ‘मालक, चुकारा नाई पायजे, उठा.’

आजीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता, ते मला अजून दिसतं.

आता सांगा, त्या एका वाक्यासाठी रात्रभर हशा पेरावा लागला की नाही? एखाद्या गंभीर नटानं पहिल्यांदाच येऊन ते म्हटलं असतं तर नुसतं एक दुःखाचं वाक्य झालं असतं. आणि त्याआधीचे आठ हशे, त्यातला एक जरी पडला असता तरी पहाटेचं वाक्य पडलं असतं. पब्लिक कुठं श्वास घेते, कुठं एक शब्द जास्त झाला की मामला बिघडतो, हे हसवणाऱ्याला रोज शिकावं लागतं कारण त्याचा हिशोब तिथल्या तिथं होतो, लोक हसले किंवा नाही हसले. सीरियसमध्ये गप्प बसलेलं पब्लिक गुंगलं आहे की पेंगलं आहे, काही कळत नाही, तिथं कच्चा माणूसही खपून जातो. आपले गडकरी बघा, राम गणेश गडकरी, १९१९ साली सावनेरला गेले. बाळकराम नावानं विनोद लिहिणारा हाच माणूस आणि ‘एकच प्याला’ लिहिणारा पण हाच, आणि त्या नाटकात तळीरामाला हसणारे लोकच सिंधूसाठी रडतात.

दुसरं, माल संपला म्हणून वळतात. जॉर्डन पील टीव्हीवर कॉमेडी स्किट करायचा, त्यानं २०१७ मध्ये ‘गेट आउट’ काढला, भीतीचा पिक्चर, पण भीती वर्णद्वेषाची, आणि पटकथेचं ऑस्कर घेतलं. क्रेग मेझिन ‘स्केरी मूव्ही’सारखे टिंगलीचे पिक्चर लिहायचा, त्यानंच २०१९ मध्ये ‘चेर्नोबिल’ लिहिली, अणुभट्टीच्या स्फोटाची मालिका. टॉड फिलिप्सचा ‘हँगओव्हर’ २००९ चा आणि ‘जोकर’ २०१९ चा, ‘जोकर’ला व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला. आता त्याचाच ‘जोकर’चा दुसरा भाग २०२४ मध्ये पडला हेही खरं आहे, लपवत नाही. पण पडतात तर कॉमेडी पिक्चरही पडतात, त्यावरून कोणी म्हणत नाही की याला कॉमेडी जमत नाही. आणि वळणं म्हणजे एकदाच रस्ता बदलून मागं न पाहणं असंही नसतं. आपल्या मराठीत उमेश कुलकर्णीनं २००८ मध्ये ‘वळू’ दिला, गावातल्या मोकाट वळूचा, पोट धरून हसलो होतो, त्यानंतर ‘विहीर’, दोन भावंडांचा आणि मरणाचा, आणि मग २०११ मध्ये ‘देऊळ’, त्याला राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट. ‘देऊळ’मध्ये हसू आहे, पण हसता हसता आपल्याच गावाची लाज वाटते. संपलेल्या माणसाचं हे काम आहे का? प्रियदर्शननं तर ‘हेराफेरी’च्या आधी ‘काला पानी’ केला आणि नंतर रेशीम विणकरांवरचा ‘कांचीवरम’, म्हणजे जाणं-येणं चालूच आहे.

‘एक होता विदूषक’चं. तो पिक्चर डॉ. जब्बार पटेलांचा, त्यांनी त्याआधी ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ केले होते, म्हणजे डायरेक्टर काही कॉमेडीवाला नव्हता. वळला असेल तर लक्ष्मीकांत बेर्डे वळले, नट म्हणून. १९९२ चा पिक्चर, पटकथा पु. ल. देशपांडेंची, थेटरात फार चालला नाही हे मान्य. पण लोक लक्ष्याचे नेहमीचे गमतीचे पिक्चर पाहायच्या तयारीनं आले आणि समोर वेगळंच निघालं, याचा दोष बेर्डेंच्या कामाला कसा लागेल? चॅप्लिनचं पण असंच झालं होतं, १९२३ मध्ये त्यानं ‘अ वुमन ऑफ पॅरिस’ हा गंभीर पिक्चर काढला, स्वतः हिरो नव्हता, पिक्चर फारसा चालला नाही, आणि त्याच माणसानं १९४० मध्ये हिटलरवर ‘द ग्रेट डिक्टेटर’ काढला. पहिल्या वेळीच थांबला असता तर?

अवॉर्डचं एका वाक्यात सांगतो, आपल्या झाडीपट्टीतले डॉ. परशुराम खुणे, ज्यांना लोक झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात, त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाला, मानासाठी विनोद सोडावाच लागतो असं काही नाही.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त लागलं, खेड्यातल्या पब्लिकला रडकं नको. कोणी ठरवलं हे? ‘गाभ्रीचा पाऊस’ पाहा, २००९ चा, सतीश मनवरचा, आपल्याच विदर्भातल्या शेतकऱ्याचा. शेजारच्यानं जीव दिला म्हणून बायको घाबरते आणि नवऱ्यावर पाळत ठेवते, पोराला त्याच्या मागं मागं धाडते, आणि ते पाहताना आपल्याला हसू येते, आणि हसू येते म्हणूनच पोटात खड्डा पडतो, कारण अशी पाळत आपल्याकडं किती घरांत ठेवली गेली हे आपल्याला माहीत आहे. मुंबईतल्या माणसाला ते समजावून सांगावं लागेल, आपल्याला नाही.

गेल्या मंडईत आपण सगळे तिकीट काढूनच बसलो होतो. पहाटेचे चार वाजले होते, थंडी अशी की दुपट्ट्यात बोटं सापडत नव्हती, सकाळी धानाच्या चुरणीला, म्हणजे मळणीला जायचं होतं, आणि स्टेजवर बाप पोरीचा हात धरून रडत होता. आमच्या रांगेतून एकही जण उठला नाही. हा मेसेज पुढं पाठवणाऱ्यांतले तिघं त्याच रांगेत होते.