सिकाडा गाता गाता फुटत नाही

मे महिना आला की व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरू लागतो. सोबत फोटो असतो झाडाच्या सालीला चिकटलेल्या, पाठीवर उभी चीर गेलेल्या तपकिरी कवचाचा. सांगणं असं: सिकाडा हा किडा 17 वर्षं जमिनीखाली तप करतो, पावसाला बोलावण्यासाठी एकच दिवस बाहेर येतो, पंख घासून गातो आणि गाता गाता पाठ फुटून मरतो. पुरावा म्हणून ते कवच.

आधी तो पुरावाच तपासू. कवच हातात घेऊन पाहा. त्याला पंख नाहीत, पंखांचे नुसते आखूड कोंब आहेत. पुढचे दोन पाय मात्र खेकड्याच्या नांग्यांसारखे जाड, माती उकरायला. गाणारा सिकाडा तर चांगला लांब पंखांचा. म्हणजे हे कवच गायकाचं नव्हेच, जमिनीखाली वाढलेल्या पिल्लाचं आहे. वाढ पूर्ण झाली की ते बहुधा अंधार पडल्यावर वर येतं, खोडावर चढून पाय रोवतं आणि शेवटची कात टाकतं. चिरेतून प्रौढ किडा बाहेर पडतो तेव्हा मऊ आणि फिकट असतो; काही तासांत पंख पसरतात, अंग कडक होतं आणि तो उडून जातो. चिरेत पांढरे धागे लोंबताना दिसतात, ते श्वासनलिकांचं अस्तर, आतडी नव्हेत. शिवाय असं कवच माद्याही मागे सोडतात, आणि मादी तर गातच नाही. मग ती कशाने फुटली?

17 वर्षांचा हिशेब खरा आहे, पण अमेरिकेचा. तिथल्या मॅजिसिकाडा प्रजातीच्या तीन जाती 17 वर्षांनी आणि चार जाती 13 वर्षांनी, कोट्यवधींच्या संख्येने एकदम बाहेर येतात. 2024 साली अशा दोन मोठ्या झुंडी एकाच हंगामात निघाल्या. त्या जोडीचा आधीचा योग 1803 सालचा. त्या बातम्यांचं शेपूट आपल्या मजकुराला चिकटलेलं दिसतं. सह्याद्रीतले सिकाडा त्या प्रजातीचे नाहीत. जगातल्या बहुतेक सिकाडांची पिल्लं काही वर्षं मातीत काढतात, पण सगळ्यांची बाहेर पडायची वेळ एकाच वर्षी येत नाही. म्हणून माथेरानच्या झाडीत ते दर उन्हाळ्यात ऐकू येतात.

सगळ्यांनी ठरावीक वर्षी एकदम निघायचं, असं भारतातही घडतं, पण मेघालयात. री-भोई जिल्ह्यातला क्रेमिस्टिका रिभोई दर 4 वर्षांनी येतो. नवी जात म्हणून त्याला शास्त्रीय नाव मिळालं 2013 साली. 2010, 2014, 2018, 2022 ही त्याची वर्षं फुटबॉल विश्वचषकाचीही, त्यामुळे त्याला विश्वचषकाचं नाव चिकटलं. तिथले लोक त्याला नियांगतासेर म्हणतात आणि आवडीने खातात. इतकी झकास गोष्ट आपल्याच देशात असताना अमेरिकेची उसनी कशाला आणायची?

पंख घासतो तो रातकिडा. सिकाडाच्या नराला पोटाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना शिरा असलेले ताठर पडदे असतात. आतला स्नायू पडदा ओढतो, तो टक्कन आत वाकतो आणि सुटला की मूळ जागी येतो. हे सेकंदाला शेकडो वेळा. पोट जवळजवळ पोकळ, त्यामुळे आवाज घुमतो. काही जातींचा जवळून 100 डेसिबलच्या वर जातो. फुटण्याची कल्पना त्या रिकाम्या पोटावरूनही आली असेल, पण ते गाण्याच्या आधीपासूनच रिकामं असतं.

एका दिवसाचं आयुष्यही नाही. प्रौढ सिकाडा काही आठवडे जगतो. आंब्यावरच्या तुडतुड्यांचा हा नातलग, सोंडेने झाडाचा रस पितो. तो रस जवळजवळ पाणीच, म्हणून भरपूर प्यावा लागतो आणि भरपूर टाकावाही लागतो. कडक उन्हात झाडाखाली अंगावर बारीक तुषार आले, तर ते कसले हे सांगायला नको.

राहिला पाऊस. यात अर्धं तथ्य आहे. सह्याद्रीत बऱ्याच जातींचा आवाज पावसाआधीच्या उकाड्यात टिपेला जातो, त्यामुळे किडे ओरडू लागले की पाऊस जवळ आला, हा जुन्या माणसांचा अंदाज निराधार नाही. पण बोलावणं पावसाला नसतं. जोराची सर कोसळली की गाणं उलट बंद पडतं. हाक असते मादीला. प्रत्येक जातीचा सूर वेगळा, म्हणून एकाच झाडावर दोन जातींचे नर ओरडत असले तरी ती आपल्या जातीच्या नराकडेच जाते.