‘बायवीकली’चा एकच अर्थ? मडगाव स्टेशनवर विचारा

इंग्रजी शिकवणारा एक मजकूर गोव्यातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ‘बाय’ हा लॅटिन उपसर्ग, अर्थ दोन. म्हणून बायवीकली म्हणजे दर दोन आठवड्यांनी आणि बायमंथली म्हणजे दर दोन महिन्यांनी. दुसरा अर्थ लावणे हा अडाणीपणा. ‘दोनदा’ म्हणायचे असेल तर ‘सेमी’ वापरा. बायॲन्युअल आणि बायेनियल एकच. आणि मराठीत ‘द्वि’ लावले की घोळच मिटला.

यातले बायमंथलीचे बरेचसे बरोबर आहे. बाकीचे टिकत नाही.

लॅटिनचा दाखला दिलाच आहे तर तिथूनच पाहू. डॉक्टर चिठ्ठीवर ‘बीडी’ लिहितात ते ‘बिस इन दिए’ या लॅटिन शब्दांचे लघुरूप, म्हणजे दिवसातून दोनदा. म्हापशातला कोणताही फार्मसीवाला ती गोळी दोन दिवसांतून एकदा घ्या असे सांगणार नाही. ‘बिस’ आणि ‘बाय’ एकाच घरचे. उलट ‘बिएन्नियम’ म्हणजे दोन वर्षांचा काळ, आणि तेही लॅटिनच. उपसर्ग फक्त ‘दोन’ एवढेच सांगतो. दोन कशाचे, फेऱ्यांचे की आठवड्यांचे, ते सांगत नाही. आपल्याकडे वेगळे काय आहे? द्विदल म्हणजे दोन दळांचे, द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला. मेरियम-वेबस्टर आणि ऑक्सफर्ड हे दोन्ही कोश बायवीकलीचे दोन्ही अर्थ नोंदवतात. तेव्हा अडाणीपणाचा शिक्का कोशकारांवरही मारावा लागेल.

आता रेल्वे. २०२४ च्या ऑगस्टअखेर वांद्रे टर्मिनस–मडगाव गाडी सुरू झाली, ती ‘बाय-वीकली एक्स्प्रेस’ म्हणूनच. वांद्र्याहून बुधवारी आणि शुक्रवारी, मडगावहून मंगळवारी आणि गुरुवारी सुटणार, असे तेव्हा जाहीर झाले. म्हणजे आठवड्यातून दोनदा. फिरत्या मजकुराचा नियम लावला तर दोन आठवड्यांतून एकच फेरी उरते, प्रत्यक्षात त्या काळात एका दिशेने चार फेऱ्या होतात. शिवाय रेल्वे आठवड्यातून तीन दिवस धावणाऱ्या गाडीला ‘ट्राय-वीकली’ म्हणते. ती गाडी दर तीन आठवड्यांनी येते असे समजून कोणी घरी बसल्याचे ऐकिवात नाही.

बायमंथलीचे तेवढे खरे. रिझर्व्ह बँकेचे ‘बाय-मंथली’ पतधोरण साधारण दर दोन महिन्यांनी, वर्षातून सहा वेळा येते. गंमत अशी की वृत्तपत्र नोंदणीच्या वर्गीकरणात दोन्ही अर्थ शेजारी नांदतात: तिथे बाय-वीकली म्हणजे आठवड्यातून दोनदा निघणारे पत्र आणि बाय-मंथली म्हणजे दोन महिन्यांतून एकदा निघणारे. एकाच यादीत, एकाच उपसर्गाचे.

पगाराच्या बाबतीत पारडे पुन्हा फिरते. अमेरिकी कंपनीसाठी पणजीत किंवा पर्वरीत बसून काम करणाऱ्याच्या करारात ‘बायवीकली’ असेल तर ते दर दोन आठवड्यांनी, वर्षाला साधारण २६ पगार. ‘सेमीमंथली’ असेल तर महिन्यातून दोनदा, २४ पगार. वर्षाचे ५२,००० डॉलर धरा: पहिल्यात हातात एका वेळी २,००० येतात, दुसऱ्यात सुमारे २,१६७. वर्षाची रक्कम तीच, पण पहिल्या प्रकारात दोन महिने तीन-तीन पगारांचे निघतात आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेचा हप्ता भरणाऱ्याचे गणित तिथेच चुकते. तेव्हा ‘सेमी’ हा शब्द स्पष्ट आहे, हे मान्य. पण आपल्याकडच्या कचेऱ्यांत तो रुळलेला नाही, आणि समोरच्याला न कळणारा अचूक शब्द निविदेत घालून काय साधणार?

‘फोर्टनाइटली’ (दर दोन आठवड्यांनी) हा शब्द त्यातल्या त्यात बरा, तरी पूर्ण निर्धोक नाही. मूळ अर्थ चौदा रात्री. आपला पंधरवडा पंधरा दिवसांचा. बँकिंग कायद्यातसुद्धा ‘फोर्टनाइट’ हा शब्द शनिवारपासून दुसऱ्या शुक्रवारपर्यंतच्या १४ दिवसांसाठी होता. २०२५ च्या दुरुस्तीने तो १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर असा झाला.

बायॲन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा, बायेनियल म्हणजे दोन वर्षांतून एकदा. एक नव्हेत. राज्यसभेच्या बायेनियल निवडणुकांमुळे गोव्यात दर दोन वर्षांनी मतदान होत नाही, कारण गोव्याची जागा एकच आणि तिची मुदत सहा वर्षांची.

‘द्वि’ने घोळ मिटतो हेही खरे नाही. द्वैमासिक पक्के आहे, दर दोन महिन्यांनी; पाक्षिकही पक्के. पण ‘द्विसाप्ताहिक’ वाचून पुन्हा तोच प्रश्न पडतो. आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या पत्रांना जुन्या मराठीत ‘अर्धसाप्ताहिक’ म्हणत, तो शब्द नेमका होता.

खरा फटका करारात बसतो. हॉटेलच्या जनरेटरची ‘बायमंथली सर्व्हिस’ म्हणजे वर्षाला ६ फेऱ्या की २४? सोसायटीच्या टाकीची ‘बायवीकली’ तपासणी म्हणजे २६ की १०४? दोन्हीकडे फरक चौपट, आणि कंत्राटदार दर सांगताना कमी फेऱ्यांचा अर्थ धरतो, सोसायटी बिल तपासताना जास्त फेऱ्यांचा. म्हणून करारात उपसर्गच नको. वार लिहा (‘दर मंगळवारी व शुक्रवारी’) किंवा तारखा (‘दर महिन्याच्या १ व १६ तारखेला’), त्याखाली वर्षाच्या एकूण फेऱ्या आकड्यात आणि पहिल्या फेरीची तारीख. चतुर्थीची सुट्टी मध्ये आली तर फेरी आधी घ्यायची की नंतर, हेही त्याच कलमात. ‘दर पंधरा दिवसांनी’ असे लिहिले तर तारीख दर महिन्याला सरकते आणि वर्षभरात २४ ऐवजी कधी पंचविसावी फेरीही पडते. तिचे पैसे कोण देणार ते आधी ठरवा.